मे महिन्याच्या वर्गासाठी दसऱ्याला अर्ज: खान्देशात उन्हाळी वर्ग आणि सायंअभ्यासिकेचा निधी कसा उभारावा

मार्च उजाडून सकाळची शाळा सुरू झाली, की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील तरुण मंडळे, वाचनालये आणि छोट्या संस्था उन्हाळी वर्गासाठी पैशाच्या शोधात निघतात. पैसा मागण्याची याहून वाईट वेळ वर्षात दुसरी नाही. कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने त्या वर्षाचा सामाजिक दायित्व निधी (सीएसआर) बहुतांशी वाटून झालेला असतो, ग्रामपंचायतीचा आराखडा ठरून गेलेला असतो आणि जिल्हा वार्षिक योजनेची मांडणीही हिवाळ्यातच आटोपलेली असते. मे महिन्यात वर्ग भरवायचा असेल, तर गणपती उठताच तयारीला लागून दसरा-दिवाळीच्या सुमारास अर्ज दारोदारी पोहोचलेले असले पाहिजेत.

वेळेइतकीच दुसरी एक गोष्ट सुरुवातीला पक्की करावी लागते. एकच दाता संपूर्ण वर्गाचा खर्च उचलेल, ही अपेक्षा सोडून द्यावी. प्रत्येक निधीला नियमांची स्वतःची चौकट असते. कुठे वस्तू चालते पण मानधन चालत नाही, कुठे खोली बांधता येते पण खडू घेता येत नाही. त्यामुळे आपल्या खर्चाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा ज्या दारी चालतो त्याच दारी नेणे, हेच या कामातील मुख्य कौशल्य आहे. पुढील सर्व पायऱ्या या एका सूत्राभोवती मांडल्या आहेत.

पहिली पायरी: मुले कोण आणि अडचण कोणती

‘आमच्या भागातील मुले अभ्यासात मागे आहेत’ या वाक्यावर कोणीही पैसे देत नाही, आणि देऊही नयेत. खान्देशात गरजेचे निदान तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हेचे निघते. अक्कलकुवा, धडगाव किंवा तळोदा तालुक्यातील पाड्यांवरची अनेक मुले वर्षभर आश्रमशाळेत राहतात आणि उन्हाळ्यात घरी येतात. त्यांच्यासाठी मे महिन्यात पाड्यावर शिकण्याचे ठिकाणच नसते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे दिवाळीनंतरचे काही महिने बुडतात, आणि ती परत येतात तेव्हा शाळा संपत आलेली असते. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घसरते ती वेगळीच. जळगाव, भुसावळ किंवा धुळे शहरातील वस्त्यांमध्ये मात्र शाळा सुटल्यापासून आई-वडील कामावरून येईपर्यंतचे दोन-तीन तास हीच खरी अडचण असते. पहिल्या प्रकारच्या मुलांना उन्हाळी वर्ग हवा, शेवटच्या प्रकारच्या मुलांना सायंअभ्यासिका हवी, आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना बहुधा दोन्ही हवे असतात. आपण यांपैकी कोणासाठी काम करणार आहोत, हे अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात दिसले पाहिजे.

यानंतर प्रत्यक्ष मोजणी करावी. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत वापरली जाणारी वाचन आणि गणिताची चाचणी मराठीत उपलब्ध आहे आणि ती करायला एका मुलामागे काही मिनिटेच लागतात. मूल अक्षरे ओळखते का, शब्द वाचते का, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचते का आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते का, एवढे पाहायचे. गणितात अंक ओळखणे, वजाबाकी आणि भागाकार पाहायचे. ही मोजणी ऑक्टोबरात करून ठेवली, की अर्जात असे लिहिता येते: ‘गावातील तिसरी ते पाचवीच्या इतक्या मुलांपैकी इतकी मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत नाहीत, आणि तीस दिवसांच्या वर्गानंतर हीच चाचणी पुन्हा घेतली जाईल.’ या एका वाक्याने अर्जाचे वजन बदलते, कारण देणाऱ्याला गरज आणि परिणाम मोजण्याची रीत दोन्ही एकदमच दिसतात. शाळेचा पट सांगताना सरकारी नोंदीतील शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक जोडावा, म्हणजे आकडा पडताळता येतो.

सातपुड्यातील वर्गांसाठी भाषेचा मुद्दा वेगळा मांडावा लागतो. पावरी, भिली किंवा मावची बोलणाऱ्या मुलाची अडचण कित्येकदा वाचनाची नसून पुस्तकातील मराठी अनोळखी असण्याची असते. तेथे शिकवणारी व्यक्ती मुलांची बोली जाणणारी असली पाहिजे, आणि तशी व्यक्ती नेमण्याचा खर्च हा चैनीचा नसून कार्यक्रमाचा पाया आहे, हे अर्जात स्पष्ट लिहावे. अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या गावांत हा प्रश्न तितका तीव्र नसला, तरी पहिली-दुसरीच्या मुलांपुरता तोही विचारात घ्यावा.

दुसरी पायरी: वेळापत्रक असे, की जे उन्हात टिकेल

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी दोनला वर्ग दाखवणारा प्रस्ताव वाचून जाणकार माणूस तो तिथेच बाजूला ठेवतो. सकाळी सात ते साडेनऊ ही वेळ धरावी, पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय खर्चात दाखवावी, ओआरएसची पाकिटे प्रथमोपचार पेटीत लिहावीत. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा मोकळा सोडावा. त्या दिवसांत माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात आणि मुले वर्गाला येत नाहीत, हे खान्देशात कोणाला सांगावे लागत नाही. पण मुंबईत बसून अर्ज वाचणाऱ्याला सांगावे लागते, कारण त्याला ती सुट्टी नियोजनातील ढिलाई वाटू शकते. सायंअभ्यासिकेचे वर्ष जुलै ते मार्च असे धरावे, आणि होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार व होळी यांच्या दिवसांत सातपुड्यातील हजेरी कमी राहील हे गृहीत धरूनच अपेक्षित हजेरीचा आकडा द्यावा. शंभर टक्के हजेरीचे आश्वासन देणारा अर्ज अनुभवी देणाऱ्याला खोटा वाटतो.

जागेसाठी जिल्हा परिषदेची शाळा सर्वांत सोयीची. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर थांबू नये; बदल्या होतात आणि नव्या अधिकाऱ्याला जुना होकार माहीत नसतो.

तिसरी पायरी: संस्थेची कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण बहुतेक अर्ज इथेच अडकतात. सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखालील नोंदणीची प्रमाणपत्रे, संस्थेच्या नावाचा पॅन, घटना आणि नियमावली, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि संयुक्त सह्यांचे बँक खाते हा किमान संच होय. यांत सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे चेंज रिपोर्ट. कार्यकारिणी बदलली, नवे अध्यक्ष आले, पण धर्मादाय कार्यालयात त्या बदलाची नोंद झालीच नाही, अशी स्थिती जुन्या संस्थांत फार आढळते. अर्जावर सही करणाऱ्याचे नाव परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील विश्वस्तांच्या नोंदीत, नसेल, तर देणाऱ्याचा वकील ती फाइल पुढे सरकू देत नाही. म्हणून निधीच्या शोधाला निघण्यापूर्वी परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते पाहावे.

आयकराच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आवश्यक आहेत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. व्यवहारात जुनीच नावे चालतात, परंतु अर्जात आणि पावतीवर कोणता क्रमांक लिहायचा ते आपल्या सनदी लेखापालाकडून ठरवून घ्यावे. या नोंदण्या कायमच्या नसतात, मुदतीच्या असतात; मुदत संपण्याची तारीख दप्तरात ठळक लिहून ठेवावी. सरकारी अनुदान हवे असेल तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण संकेतस्थळावर नोंदणी करून क्रमांक घ्यावा. कंपनीचा निधी हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक मिळवावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून हे बंधनकारक आहे, आणि त्या अर्जावर सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापालाची डिजिटल पडताळणी लागते.

ज्या गटाकडे यांपैकी काहीच नाही, त्याने घाईने नवी संस्था काढू नये. कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा, अशी सीएसआर नियमांतच अट आहे. त्यामुळे नव्या संस्थेला पहिली तीन वर्षे हा दरवाजा सहसा बंदच राहतो. त्याऐवजी गावातील नोंदणीकृत सार्वजनिक वाचनालय, जुनी शिक्षणसंस्था किंवा शाळा व्यवस्थापन समिती यांच्या छत्राखाली काम सुरू करणे शहाणपणाचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार स्थापन झालेल्या या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि तिचे स्वतःचे बँक खाते असते, त्यामुळे लहान देणग्यांसाठी ती उत्तम माध्यम ठरते.

चौथी पायरी: अंदाजपत्रक

येथे एक नमुना मांडतो. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. आपल्या गावचे दर टाकून ते बदलावेत. चाळीस मुले आणि सव्वीस दिवसांचा प्रत्यक्ष वर्ग धरला, तर दोन शिक्षणमित्रांचे, म्हणजे वर्ग घेणाऱ्यांचे, प्रत्येकी ६,००० रुपये याप्रमाणे १२,००० रुपये मानधन होते. मुलामागे दररोज १५ रुपयांचा खाऊ धरल्यास १५,६०० रुपये लागतात. पुस्तके आणि साहित्य मुलामागे १५० रुपये म्हणजे ६,००० रुपये. रोज दोन पाण्याचे जार, प्रत्येकी ३० रुपये, म्हणजे १,५६० रुपये. शिक्षणमित्रांच्या प्रशिक्षणाला ३,०००, प्रथमोपचार साहित्याला १,०००, चाचण्या आणि छपाईला १,५००, समन्वयकाच्या प्रवासाला २,५०० आणि हिशेब व लेखापरीक्षणाला २,००० रुपये. एकूण ४५,१६० रुपये, म्हणजे एका मुलामागे १,१२९ रुपये.

हा शेवटचा आकडा अर्जात अवश्य द्यावा, कारण देणारा सर्वप्रथम तोच शोधतो. मात्र तो कमी दाखवण्यासाठी मानधनाला कात्री लावू नये. वर्ग चालतो तो शिकवणाऱ्यावर. दप्तरे वाटून छायाचित्र चांगले येते, वाचन सुधारत नाही. मानधनासाठी निधी मिळवणे सर्वांत कठीण असते हे खरे, आणि म्हणूनच सर्वांत लवचिक देणाऱ्याकडे मानधनच मागावे व बाकीच्या वस्तू इतरांकडून घ्याव्यात. उद्घाटनाचा मांडव, पाहुण्यांचे सत्कार, शाली-श्रीफळ यांचा खर्च अंदाजपत्रकात कुठेही येऊ देऊ नये.

आणखी एक खबरदारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीस मनाई केली आहे. जिल्हा परिषद शाळेतील गुरुजी किंवा बाई स्वेच्छेने वर्गाला येत असतील तर त्यांचे स्वागतच करावे, पण त्यांच्या नावापुढे मानधन लिहू नये. त्यातून त्यांचीच अडचण होते.

पाचवी पायरी: कोणता खर्च कोणत्या दारी

पहिले दार गावातलेच. आपल्या नमुन्यात खाऊ आणि पाणी मिळून १७,१६० रुपये होतात, म्हणजे एकूण खर्चाच्या सुमारे ३८ टक्के. बचत गटाने आठवड्यातून दोन दिवस खाऊ द्यावा, रावेर-यावलकडे केळी उत्पादकांनी केळी द्यावीत, जारवाल्याने पाणी द्यावे, अशी वाटणी गावात सहज जमते. या वस्तुरूप मदतीची किंमत काढून ती ‘लोकसहभाग’ म्हणून अंदाजपत्रकाच्या वेगळ्या रकान्यात दाखवावी. ज्या अर्जात गावाने स्वतःचा वाटा आधीच घातलेला दिसतो, त्याकडे बाहेरचा देणारा वेगळ्या नजरेने पाहतो.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी आणि १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी लागते. अनेक गावांत ही रक्कम वर्षअखेर कशीतरी खर्ची पडते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, म्हणजे ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याची चर्चा सुरू होते त्याच वेळी, अभ्यासिकेचा विषय मांडून त्याचा ठराव करून घ्यावा. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावी. सोलर दिवा, पंखा, सतरंज्या, पुस्तकांचे कपाट अशा गोष्टी या मार्गाने मिळण्याजोग्या असतात.

पेसा क्षेत्रातील, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या, गावांना आणखी एक मोठा आधार आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी पाच टक्के रक्कम २०१५ पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना दिली जाते, आणि ती कशावर खर्च करायची ते ग्रामसभा ठरवते. मान्य बाबींत शिक्षणाचा स्पष्ट समावेश आहे. नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, धुळ्यातील साक्री व शिरपूर आणि जळगावातील चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रातील गावे यात येतात. रस्ता आणि गटारीच्या मागण्या या निधीवर नेहमीच आधी पोहोचतात, त्यामुळे पालकांनी, विशेषतः आयांनी, ग्रामसभेला संख्येने हजर राहणे हाच त्यावरचा उपाय. याच भागासाठी नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. स्थानिक गरजेनुसार छोट्या योजना राबवण्यासाठी प्रकल्प अधिकाऱ्यांकडे न्यूक्लिअस बजेट असते. त्यासाठी अर्ज कधी मागवले जातात ते कार्यालयाच्या सूचनाफलकावर आणि संकेतस्थळावर पाहत राहावे, कारण मुदत बहुधा थोडी असते. लाभार्थी आदिवासी असल्याचे दाखले या अर्जाला लागतात, ते आधीच गोळा करावेत.

समग्र शिक्षा अभियानातून शाळांना मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरते. ३० पटापर्यंत १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये, अशी त्याची सुरुवातीची पातळी आहे. ग्रंथालय आणि क्रीडा साहित्यासाठी वेगळे अनुदान असते. हे पैसे आपल्या संस्थेला मिळणारे नाहीत, ते शाळेचे आहेत. परंतु त्यातून आलेली पुस्तके आणि खेळाचे साहित्य सुट्टीत कुलपात राहण्याऐवजी वर्गाला वापरू द्यावे, असा ठराव व्यवस्थापन समिती करू शकते, आणि तेवढ्याने आपल्या अंदाजपत्रकातील एक रकाना हलका होतो. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजनाही याच समितीमार्फत राबवली जाते. जेथे मुद्दा मुलांना गावात थांबवण्याचा आहे, तेथे अभ्यासिकेच्या आधी त्या योजनेची चौकशी करावी.

आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीविषयी गैरसमज फार. तो टिकाऊ मालमत्तेसाठी आहे. अभ्यासिकेची खोली किंवा संगणक त्यातून होऊ शकतात. मानधन आणि खाऊ होत नाहीत. जिल्हा नियोजन समितीचा निधीही खातेनिहाय योजनांतून वाहतो, म्हणून तेथे संस्थेने थेट अर्ज करण्यापेक्षा शिक्षणाधिकाऱ्यांच्या किंवा प्रकल्प कार्यालयाच्या प्रस्तावात आपले काम बसते का ते पाहावे, आणि तेही हिवाळ्यापूर्वी.

शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांना त्यांच्या अ, ब, क, ड वर्गानुसार शासकीय अनुदान मिळते, तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून राज्य ग्रंथालय संचालनालयामार्फत पुस्तके मिळू शकतात. अभ्यासिका वाचनालयाच्या बालविभागाला जोडून चालवली, तर पुस्तकांचा खर्च जवळजवळ निकालात निघतो.

माणसांचा खर्च कमी करण्याचा एक मार्ग महाविद्यालयांतून जातो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक असतात आणि त्यांना वर्षाला १२० तास नियमित काम करायचे असते. जवळच्या महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना जुलैतच भेटल्यास अभ्यासिकेसाठी चार-पाच विद्यार्थी ठरलेल्या दिवशी येऊ शकतात. त्यांच्यावर संपूर्ण वर्ग सोपवू नये, कारण त्यांच्या परीक्षा आणि आपले वर्ग यांची गाठ पडतेच.

कंपन्यांचा निधी

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एकही मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. अनुसूची सातमध्ये शिक्षणाचा समावेश आहे, आणि कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. म्हणून मोठ्या नावांच्या मागे धावण्याआधी आपल्या तालुक्यात कोणाचा कारखाना, प्रकल्प किंवा गोदाम आहे याची यादी करावी. १९४५ साली अमळनेरात विप्रोची सुरुवात झाली. जळगावात जैन इरिगेशन आहे, भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेत, नवापूरला औद्योगिक वसाहत आहे. यांतील प्रत्येक जण निधी देईलच असे नाही. परंतु ‘आपल्या प्रकल्पापासून इतक्या किलोमीटरवरील गाव’ हे अर्जातील पहिले वाक्य ठरू शकते. नंदुरबार २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, त्याचाही उल्लेख करावा. कंपनीचे धोरण आणि मागील वर्षी कोणत्या प्रकल्पांवर खर्च झाला ते तिच्या संकेतस्थळावर आणि वार्षिक अहवालात असते. ते न वाचता पाठवलेला अर्ज लगेच ओळखू येतो.

तीन बाबी येथे नीट समजून घ्याव्यात. कंपनीने प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त करू नये, ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासनासाठी आहे. वर्गात शिकवणाऱ्याचे मानधन हा प्रकल्पाचा थेट खर्च असून त्याला ती लागू नाही. कोणी मानधनावर बोट ठेवले, तर हे नम्रपणे पण लेखी सांगावे. दुसरे, कंपनीने संस्थेच्या खात्यात पैसे जमा केले एवढ्यानेच तिचा खर्च पूर्ण होत नाही. पैसे ठरलेल्या कामावर वापरले गेल्याची खात्री संचालक मंडळाला करावी लागते आणि वित्तप्रमुखाला प्रमाणित करावे लागते. फेब्रुवारीत मिळालेला पैसा मे महिन्याच्या वर्गासाठी राखून ठेवला, तर इथे गुंता होतो. त्यावर उपाय असा, की पूर्वचाचणी, प्रशिक्षण आणि पुस्तकखरेदी ही कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये दाखवावीत आणि प्रत्यक्ष वर्ग नव्या आर्थिक वर्षात. तिसरे आणि सर्वांत उपयोगाचे: नियमांत बहुवार्षिक प्रकल्पाची तरतूद आहे, सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत. उन्हाळी वर्ग आणि सायंअभ्यासिका हे दोन वेगळे उपक्रम म्हणून मागण्याऐवजी, त्याच मुलांसाठी वर्षभर चालणारा एकच प्रकल्प म्हणून मांडावेत. मग दरवर्षी नव्याने हात पसरावे लागत नाहीत.

रोटरी क्लबकडे जाताना आपले गाव रोटरीच्या कोणत्या प्रांतात येते ते आधी विचारून घ्यावे. स्थानिक क्लबमार्फत प्रांताच्या छोट्या अनुदानासाठी प्रयत्न करता येतो. सुरत, पुणे, मुंबईला स्थिरावलेली गावची माणसे हा आणखी एक दमदार स्रोत आहे. गावचा कोणी भारतीय नागरिक परदेशात नोकरी करून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती विदेशी अंशदान ठरत नाही. मात्र त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर ती ठरते, आणि विदेशी अंशदान कायद्याच्या नोंदणीशिवाय स्वीकारता येत नाही. पासपोर्टची प्रत मागायला संकोच करू नये.

सहावी पायरी: अर्जाचे लेखन

चार पानांपेक्षा मोठा अर्ज करू नये. पहिल्या पानावर मुलांची संख्या, गाव, गरजेचा मोजलेला आकडा, मागितलेली रक्कम आणि त्यातून नेमके काय होणार हे सर्व यावे. दुसऱ्या पानावर दिनक्रम: सात वाजता खेळ किंवा गाणे, मग स्तरानुसार गटांत वाचन, मधली सुट्टी, गणित, शेवटी गोष्ट. तिसऱ्यावर अंदाजपत्रक, त्यात लोकसहभाग, इतर देणाऱ्यांचा वाटा आणि आपली मागणी असे तीन रकाने. एकच खर्च दोन देणाऱ्यांकडे मागितलेला आढळला, तर संस्थेचे नाव कायमचे खराब होते. तीन रकान्यांची ही मांडणी त्यापासून वाचवते. चौथ्या पानावर मोजमाप आणि बालसुरक्षा.

बालसुरक्षेचा परिच्छेद केवळ औपचारिकतेपुरता लिहू नये. शिकवणाऱ्यांचे पोलीस पडताळणी प्रमाणपत्र, वर्गात नेहमी दोन प्रौढ व्यक्तींची उपस्थिती, पालकांचे संमतीपत्र, छायाचित्रांसाठी वेगळी संमती आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तक्रार कळवण्याची जबाबदारी कोणावर, एवढे त्यात असावे.

उद्दिष्टे थोडी आणि तपासता येतील अशी असावीत. ‘सर्वांगीण विकास’ हा शब्द अर्जातून काढून टाकला, तर काहीही बिघडत नाही.

सातवी पायरी: पैसा आल्यावर आणि न आल्यावर

मंजुरीपत्र आल्यावर त्यातील अटी कार्यकारिणीच्या सभेत वाचून इतिवृत्तात नोंदवाव्यात. प्रत्येक अनुदानाची स्वतंत्र खतावणी ठेवावी. हजेरीपट रोजच्या रोज भरावा. महिनाअखेरीस एकाच शाईने भरलेला हजेरीपट तपासनिसाला पहिल्या नजरेत कळतो. मानधन बँकेतून द्यावे. खाऊसारख्या रोख खर्चाला छापील बिल मिळत नसेल, तर दिनांक, नग, दर आणि घेणाऱ्याची सही असलेले व्हाउचर करावे व त्यावर व्यवस्थापन समितीच्या एका पालक सदस्याची साक्ष घ्यावी. एका बाबीतील पैसा दुसऱ्या बाबीत वळवायचा असेल, तर खर्च करण्यापूर्वी लेखी परवानगी मागावी. वर्ग संपताच महिनाभरात पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीची तुलना, खर्चाचा तक्ता आणि सनदी लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे. जे मूल सुधारले नाही त्याचाही आकडा द्यावा, आणि कारण माहीत असेल तर लिहावे. व्यक्तिगत देणगीदारांना पावती देताना लक्षात ठेवावे, की २,००० रुपयांवरील रोख देणगीवर त्यांना करसवलत मिळत नाही, आणि वर्षभरातील देणग्यांचे विवरण आयकर विभागाकडे ठरलेल्या मुदतीत भरावे लागते.

नकार आला, तर कारण विचारणारे दोन ओळींचे पत्र पाठवावे. बहुधा उत्तर येते, आणि ते तीनपैकी एक असते: भौगोलिक क्षेत्र बसत नाही, वर्षाचा निधी संपला आहे, किंवा कागदपत्र अपुरे आहे. पहिल्या कारणावर वेळ घालवू नये. दुसऱ्यासाठी त्या कंपनीच्या नव्या वर्षाच्या नियोजनाचा महिना विचारून दिनदर्शिकेत नोंदवावा. तिसरे कारण असेल, तर उणीव त्याच आठवड्यात भरून काढून जुन्या अर्जाच्या संदर्भ क्रमांकासह पूर्तता पाठवावी आणि तिची पोचपावती फाइलला लावावी.